खिंडीतली छत्री

९ जानेवारी

प्रिय नकाशामावशी,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि मला कळतं की तुझ्या डाव्या कानाने निम्मं गाळलंय. शिवाय मला जे हवंय ते फोनमधून येणारही नाही. मला एक डोंगर हवाय.

सांगते. आमच्या गेम डिझाइनच्या कोर्सला या सत्रात तीन विषय एकत्र बांधलेत: गेम डिझाइन, भूगोल आणि कॉम्प्युटर ग्राफिक्स. तिन्हींचं मिळून एकच प्रोजेक्ट. तासाभरात चालून पार होईल एवढा खरा प्रदेश निवडायचा, तो कॉम्प्युटरवर उभा करायचा आणि त्यात खेळता येईल असा खेळ रचायचा. भूगोलाचे सर जमीन खरी आहे का ते बघणार. ग्राफिक्सच्या मॅडम ती दिसते कशी ते बघणार. आणि खेळ बघणार टोपीवाले सर. ते वर्गातसुद्धा टोपी काढत नाहीत. आत काय असेल यावर आमच्या पैजा लागल्यात. त्यांचा एकच प्रश्न असतो: “ठीक आहे, पण खेळणाऱ्याला काय हवंय?” मी अजून एकदाही उत्तर देऊ शकलेले नाही.

मी तुझ्या आणि आईच्या लहानपणच्या घराचा प्रदेश निवडलाय. आईला विचारलं तर म्हणाली, “डोंगर होता आणि फार चालावं लागायचं.” एवढ्यावर प्रदेश कसा उभा करू? तू जन्मभर नकाशे काढतेस. सांग ना काहीतरी.

घरी नेहमीचंच. काकांनी परत विचारलं, “खेळाचं कॉलेज म्हणजे मैदान केवढं आहे?” आई शेजारी सांगते की मी ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ करते. बाबा काहीच सांगत नाहीत, विषय निघाला की पेपर जरा वर धरतात.

भूगोल ठीक चाललाय. ग्राफिक्स छान. भूगोल खरंच ठीक आहे.

तुझी
बुटकी


१६ जानेवारी

प्रिय बुटकी,

(तू आता दारात वाकून आत येतेस, तरी मी हेच म्हणणार.)

भूगोल ठीक आहे हे एकदा लिहिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. दोनदा लिहिलंस. किती मार्क पडले ते कळव.

आता डोंगर. घर उताराच्या पायथ्याशी, ओढ्याजवळ. खिडकी पश्चिमेला. खिडकीतून बघितलं की समोर डोंगराची लांबच लांब धार, उजवीकडून डावीकडे, भिंत घातल्यासारखी. धारेच्या पलीकडे, पुन्हा खाली, कागदाचा कारखाना. तुझे आजोबा, आमचे नाना, तिथे कापणी विभागात होते. मोठमोठ्या तावांच्या कडा कापायच्या, हे काम. त्या कडांच्या पट्ट्या ते घरी आणायचे आणि मी त्यांवर रेघोट्या मारायचे. माझं शिक्षण तिथे सुरू झालं म्हण ना.

धारेत मधोमध एक खिंड होती. दोन्ही बाजूंना माथे आणि मधे ती, खांद्यांमधल्या मानेसारखी. कारखान्यातून येणारा माणूस पलीकडच्या अंगाने चढायचा, खिंडीतून इकडे यायचा आणि मग उतरून घरी. पण पलीकडे चढत असताना तो आम्हाला दिसायचा नाही. मधे डोंगर. संध्याकाळचा भोंगा ऐकू यायचा, म्हणजे नाना निघाले. मग अर्धा तास काहीच नाही. ताई, म्हणजे तुझी आई, आणि मी खिडकीत हनुवट्या टेकून बसायचो. एका वर्षी कारखान्यात एकाचा हात यंत्रात गेला होता, तेव्हापासून तो अर्धा तास फार लांब झाला. आणि मग एकदम खिंडीत एक काळा ठिपका. छत्री. ऊन असो, पाऊस असो, नसो, त्यांच्या डोक्यावर छत्री असायचीच. खिंडीत ते थांबायचे आणि छत्री उंच करायचे. ताई ओरडायची, “आले!” इतक्या जोरात, की आई आतून रागवायची.

बरं, मार्क जे काही असतील ते असोत. एक बटाटा घे. गुळगुळीत नको, दोन टेंगळांचा घे. उभा चिरून एक अर्धा भाग पसरट भांड्यात पालथा ठेव. बोटभर पाणी ओत, पाण्याची रेघ बटाट्यावर पेनने आख. पुन्हा थोडं पाणी, पुन्हा रेघ. बटाटा बुडेपर्यंत. मग वरून बघ. त्या रेघा म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा. पाठ करू नकोस, बटाटा कर.

ऑफिसात नेहमीचंच.

मावशी


२५ जानेवारी

प्रिय मावशी,

चाळीसपैकी अकरा.

नकाशा बघून ‘इथे काय आहे’ ते लिहायचं होतं. मी दरीला टेकडी म्हटलं आणि टेकडीला तलाव. सरांनी पेपरवर लिहिलंय, ‘या विद्यार्थिनीबरोबर सहलीला जाऊ नये.’ आईला सांगू नकोस. कारण प्रकरण गंभीर आहे. या प्रोजेक्टमध्ये तिन्ही विषयांत पास झाले तरच मला दुसऱ्या वर्षाला गेम डिझाइन मिळेल. एकात जरी उडाले तरी कोर्स सुटला, साध्या पदवीच्या वर्गात जाऊन बसायचं. बाबा पेपर खाली ठेवतील. काही बोलणारही नाहीत. तेच मला नको आहे.

बटाटा केला. हॉस्टेलच्या बेसिनमध्ये. खोलीतल्या मैत्रिणीने दारात उभं राहून बघितलं आणि विचारलं, “तुझ्या घरी कळवू का?” पण मावशी, तिसऱ्या रेघेला मला एकदम दिसलं! दोन टेंगळांभोवती वेगवेगळी कडी, खाली दोघांना मिळून एक मोठं कडं आणि मधे ती मान. ती खिंडच ना? मी तिथे टाचणी टोचली. वाळला तरी बटाटा टेबलावर ठेवलाय. वास येतो.

आता मागणं. कॉम्प्युटरला रेघा समजत नाहीत, छटा समजते. प्रत्येक जागेची जितकी उंची, तितकी गडद-फिकट छटा. मग तो जमीन आपोआप उचलतो. तर तू मला तो अख्खा प्रदेश एकाच रंगात, फक्त गडद-फिकट करून देशील? रेघा नको, आकडे नको, नावं नको. मी स्कॅन करेन. ओढा आणि वाट वेगळ्या कागदावर दे.

प्रदर्शन २८ मार्चला. तोवर मी सगळ्यांशी गोड वागते आहे, भूगोलाच्या सरांशीसुद्धा.

तुझी
अकरा मार्कांची बुटकी


७ फेब्रुवारी

प्रिय बुटकी,

सोबतच्या नळीत दोन कागद आहेत. नळी उघडताना आत कात्री खुपसू नकोस, टोपण फिरवलं की निघतं.

हा प्रदेश मी आठवणीतून काढलेला नाही. विसाव्या वर्षी ऑफिसात शिकाऊ होते तेव्हा सराव म्हणून मी सुट्टीत तोच डोंगर मोजला होता. ती वही अजून आहे. त्यातल्या प्रत्येक आकड्यावर माझा विश्वास आहे, माझ्या डाव्या कानापेक्षा जास्त.

एकच तपकिरी शाई, पाण्याने पातळ केलेली, अकरा थर. खालची जमीन जवळजवळ कोरी ठेवायची आणि वर चढू तसा एकेक थर वाढवायचा. जितकं उंच तितकं दाट. प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, म्हणून उशीर झाला. शिवाय आठवड्यातून तीन दुपारी मला हल्ली दुसऱ्या मजल्यावर काम असतं.

किती दिवसांनी ब्रश हातात घेतला! म्हणजे अशा निवांत कामासाठी, असं म्हणायचंय. खिंडीपाशी मी जरा जास्तच रेंगाळले. एका थराचा फरक आहे तिथे, नीट बघ.

अकरा मार्क म्हणजे अकरा गोष्टी येतात. कमी नाहीत.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

मला रडू येतंय आणि हसूही येतंय. आज तुझी जमीन वर्गात दाखवली.

घर एका उंच कड्यावर आहे. ओढा त्या कड्याच्या माथ्यावरून, तारेवरची कसरत करत चाललाय. डोंगर नाहीच. डोंगराच्या जागी लांबलचक खंदक आहे. ग्राफिक्सच्या मॅडम म्हणाल्या, पाणी सोडून बघू. सोडलं. सगळं पाणी ओढ्यातून उडी मारून डोंगराच्या जागच्या खड्ड्यात जाऊन बसलं. भूगोलाचे सर म्हणाले, “तुमच्या आजोळी पाणी वर चढायचं का? मग आपण भूगोल बंद करून चमत्कार हा विषय सुरू करू.” अख्खा वर्ग हसला. टोपीवाले सर हसले नाहीत, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, “खेळणाऱ्याला इथून पळून जायचंय.”

मावशी, राग मानू नकोस, पण ती वही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. तेव्हा तू शिकत होतीस. काहीतरी उलटसुलट झालं असेल. आणि आता... वय सगळ्यांचंच होतं. हल्ली दुपारी कुठे असतेस तेही धड सांगत नाहीस. ऑफिसात तुला अजून नकाशे काढायला देतात ना?

मी आता बहुतेक दुसराच एखादा सपाट प्रदेश घेईन. मैदान. काकांना आनंद होईल.

बुटकी


३ मार्च

प्रिय मावशी,

बारा दिवस झाले. तुझं पत्र नाही म्हणजे तू रागावलीस. मी लिहिलं ते फार वाईट होतं. पोस्टात टाकलं आणि लगेच हात पेटीत घालून परत काढावंसं वाटलं. मनगटापर्यंत गेलासुद्धा. एका आजोबांनी मला चोर समजून हटकलं.

सपाट प्रदेश घेतला नाही. तुझा कागद भिंतीवर लावलाय. चुकलेला असला तरी इतका सुंदर आहे, की खोलीतली मैत्रीण दात घासताना त्याच्यासमोर उभी राहते.

बोल ना.

बुटकी


६ मार्च

प्रिय बुटकी,

रागावले नव्हते. लाजले होते.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उघडलं आणि ‘घर कड्यावर, डोंगराचा खंदक’ इथवर वाचताच मला कळलं काय झालंय. माझी वही बरोबर आहे, माझी शाई बरोबर आहे, तुझं मशीनही बरोबर आहे. आम्ही हाताने काढणारे उंच जागा दाट रंगवतो. तुमचा कॉम्प्युटर उलटा: पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. मी माथा काळा करून पाठवला, त्याने त्याची विहीर केली. छटा उलटवायचं एक बटण असतं. ते दाब, डोंगर उभा राहील.

एवढं लिहायला दोन मिनिटं लागली असती. मी पंधरा दिवस लावले, कारण तू विचारलं असतंस, “मावशी, तुला हे कसं माहीत?”

तर ऐक. आमचा आरेखन विभाग गेल्या वर्षाअखेरीस बंद झाला. आता कोणी हाताने नकाशे काढत नाही. माझं टेबल, खालून दिवा लागणारं काचेचं, जिन्याखाली ठेवलंय आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचे जार असतात. आठवड्यातून तीन दुपारी दुसऱ्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटरचा वर्ग असतो. शिकवणारी मुलगी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. माझ्या मुठीतून माउस हळूच सोडवते आणि म्हणते, “मॅडम, त्याला दुखतं.” पहिल्याच आठवड्यात तिने एक साधी टेकडी करायला दिली. मी माथ्याला छान दाट छटा दिली, बटण दाबलं आणि सगळ्यांसमोर मोठा खड्डा झाला. ती हसली. वाईट नाही हसली गं, पण मला काही हसता आलं नाही. पुढच्या दोन दुपारी मी दात दुखतो म्हणून गेलेच नाही. ऑफिसात सगळ्यांत चांगला हात माझा, असं वीस वर्षं ऐकलेलं. तो खड्डा मी कोणालाच सांगितला नव्हता, ताईलासुद्धा नाही.

आणि तुझा कागद रंगवताना? तेव्हा आठवायला नको का? नाही आठवलं. हातात ब्रश होता, हात आपल्या सवयीने चालला. मी फार खुशीत होते.

तू विचारलंस, नकाशे काढायला देतात का. नाही देत. परीक्षा आहे, योगायोग बघ, २८ मार्चलाच. पास झाले तर कॉम्प्युटरवर नकाशे, नाही तर तळघरातल्या दप्तरखान्यात जुन्या नकाशांना वाळवी लागू नये म्हणून पावडर मारायची.

आता बटण दाब आणि भूगोलाच्या सरांना पाणी सोडायला सांग.

मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

दाबलं! डोंगर उठला! मैत्रीण किंचाळली. ओढा ओढ्याच्या जागी गेला, घर पायथ्याशी बसलं. भूगोलाच्या सरांनी स्वतः पाणी सोडलं आणि ओढ्यावरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “हे कोणी मोजलंय?” मी म्हणाले, “माझ्या मावशीने, माझ्याच वयाची असताना.” तू पत्रात ‘जितकं उंच तितकं दाट’ लिहिलंही होतंस. मी वाचलं आणि पुढे गेले. म्हणजे चूक माझीही. तू दात दुखतो म्हणून सांगितलंस, मी तुझं वय झालं म्हणून. दोघी सारख्याच.

पण खरी गोष्ट पुढे आहे.

डोंगर उभा राहिल्यावर मी खेळणाऱ्याला तुमच्या खिडकीत उभं केलं. समोर भिंतीसारखी धार, तू लिहिलीस तशी. काहीच दिसत नाही. मग सहज ते बटण पुन्हा दाबलं. जमीन उलटली, डोंगराचा खंदक झाला, घर वर आलं आणि मावशी, खिडकीतून कारखान्याचं फाटक दिसायला लागलं! पलीकडची अख्खी वाट दिसते. तिथून खंदकात उतरणारी आणि मग आपल्याकडे चढत येणारी. मधे आडवं काहीच नाही. तुमचा तो अर्धा तास, बघ, सगळा उघडा.

मी टोपीवाल्या सरांकडे धावत गेले आणि सांगितलं, “सर, खेळणाऱ्याला काय हवंय ते कळलं. एक माणूस घरी यायला निघालाय, तो येतोय ना एवढंच त्याला बघायचंय.” सर म्हणाले, “आणि जिंकायचं काय?” मी म्हणाले, “तो घरी पोचतो.” ते म्हणाले, “मग कामाला लागा.” त्यांच्या तोंडून ही सर्वांत मोठी स्तुती आहे.

तर आता मला आजोबा हवेत. मी त्यांना बघितलेलंच नाही. कसे चालायचे? सगळं सांग. मोजून सांग.

आणि तू परीक्षेला जाणार आहेस. दात दुखला तर मी येऊन उपटीन.

बुटकी


१७ मार्च

प्रिय बुटकी,

मोजून सांगते.

छत्री डाव्या हातात. उजव्या काखेत कागदाच्या पट्ट्यांची गुंडाळी, सुतळीने बांधलेली. पावलं छोटी आणि एकसारखी, घाई कधीच नाही. घाई केली तर गुंडाळी घसरते. फाटकापासून खिंड अर्धा तास, खिंडीपासून घर वीस मिनिटं. खिंडीत थांबत. मनात शंभर म्हणून होईल एवढा वेळ. छत्री दोनदा वर.

ते थांबायचे का, हे विचारलं नाहीस, पण सांगते. ताईला आणि मला वाटायचं, आम्हाला दिसावं म्हणून थांबतात. विसाव्या वर्षी डोंगर मोजताना मी पहिल्यांदा पलीकडच्या अंगाने चढले. नाना तेव्हा घरीच असायचे, निवृत्त होऊन. तो चढ फार वाईट आहे. खिंडीत पोचले आणि मलाही थांबावं लागलं, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. तेव्हा कळलं, की ते दम खायला थांबत होते. आम्ही उगीच स्वतःला एवढं महत्त्व दिलं. वहीत त्या जागेची उंची लिहिली आणि खाली उतरले. ताईला हे कधी सांगितलं नाही. तूही नको सांगू, तिला तसंच राहू दे.

आधी सरांना सरळ जमीन दाखव, मगच उलटी. नाहीतर पुन्हा चमत्कार म्हणतील.

माउसची मूठ आता सैल झालीये असं शिक्षिकाबाई म्हणतात. खड्डे करणं बंद झालंय. डोंगर मात्र अजून केकासारखे होतात.

मावशी


३० मार्च

प्रिय, प्रिय, प्रिय मावशी,

पास! तिन्हींत!

क्रमाने सांगते, नाहीतर तू रागावशील. भूगोलाच्या सरांनी सरळ जमीन बघितली, मान डोलावली. मग मी उलटवली. ते म्हणाले, “एकच प्रश्न. उत्तर आलं तर पास. या प्रदेशात उलटं केल्यावर माथ्याचा खड्डा होतो, दरीची धार होते. अशी कोणती जागा आहे, की जी उलटली तरी तीच राहते?”

मावशी, पुस्तकात हे नाही. मी डोळे मिटले आणि तो वाळका बटाटा आठवला. मागच्या आठवड्यात मी तो गंमत म्हणून ओल्या मातीत दाबला होता. दोन टेंगळांचे दोन खड्डे उमटले होते आणि मधे ती मान. धारेवरून जाणाऱ्याला ती सखल होती आणि वाटेने येणाऱ्याला उंच. मातीत फक्त दोघांची अदलाबदल झाली होती. मी म्हणाले, “खिंड, सर. उलटली तरी खिंडच.” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चाळीसपैकी तेवीस दिले. म्हणाले, “सहलीला चला.”

ग्राफिक्सच्या मॅडमना तुझे अकरा थर बघायचे होते, मूळ कागद घेऊन गेल्या, परत आणायचाय. टोपीवाले सर खिडकीशी पूर्ण पन्नास मिनिटं बसले. आजोबा घरी पोचल्यावर त्यांनी टोपी काढली. आत साधं टक्कल निघालं, पैज कोणीच जिंकली नाही.

आणि आई-बाबा आले होते! मी सांगितलं नव्हतं, तूच कळवलंस ना? आई बसली. फाटकातून आजोबा निघाले तेव्हापासून ते तिला दिसत होते, पण ती गप्प. अर्धा तास गप्प. मला वाटलं तिला आवडलं नाही. खिंडीत ते थांबले, छत्री वर झाली आणि आई अख्ख्या हॉलमध्ये ओरडली, “आले!” सगळे वळून बघायला लागले. बाबांनी तिला पाणी आणून दिलं आणि मग मला हळूच विचारलं, “हे उलटतं कोणत्या बटणाने?” चार वेळा उलटवलं त्यांनी. पेपर गाडीतच विसरले होते.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. आता तुझा निकाल सांग. टांगून ठेवू नकोस.

तुझी
तेवीस मार्कांची बुटकी


६ एप्रिल

प्रिय बुटकी,

पास झाले. काठावर. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “मॅडम, तुमची टेकडी वर्गात सगळ्यांत हळू झाली, पण तिच्यावर चढता येईल.” माझं टेबल मी जिन्याखालून वर आणवून घेतलंय. जार खाली राहिले, कॉम्प्युटर टेबलावर बसला. खालचा दिवा अजून लागतो.

तुझा पेन ड्राइव्ह काल दुपारी तिथेच लावला. सरळ जमिनीत आधी बसले. भोंगा वाजला, अर्धा तास डोंगराकडे बघितलं. हनुवटी आपोआप टेबलावर टेकली, या वयात. मग पहिल्यापासून सुरू केलं आणि उलटवलं.

फाटकातून निघाले. छत्री डाव्या हातात, गुंडाळी काखेत. चालणं बरोबर आहे. मी अख्खी वाट बघितली, एकदाही नजर काढली नाही. शिक्षिकाबाई कधी येऊन मागे उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

आणि मग मला एक दिसलं. तू हे मुद्दाम केलंस की तुझ्या लक्षातच आलं नाही, ते सांगू नकोस. मला माहीत करून घ्यायचं नाही.

उलट्या जमिनीत फाटकापासून खिंडीपर्यंत सगळा उतार आहे गं. चढ नाहीच. रमतगमत खाली यायचं. दम लागायचं काही कारणच नाही.

तरी ते खिंडीत थांबले. छत्री वर केली. दोनदा.

ताईला मी आज फोन करणार आहे, उजव्या कानाने.

मावशी